पेशंटला बाहेर बसू द्या

अंबाजोगाईच्या त्या छातीच्या दवाखान्यात डॉक्टरांना कोणी भीत नाही. डॉक्टर बिचारे मान वर करून बघतसुद्धा नाहीत, त्यांना काय भ्यायचं! लोक भितात ते त्यांच्या एका वाक्याला. ‘पेशंटला जरा बाहेर बसू द्या, नातेवाईक थांबा.’

एवढं पडद्याबाहेर ऐकू आलं की बाकांवरची कुजबुज थांबते. पेशंट बाहेर येऊन बसतो. सगळे त्याच्याकडं बघायचं टाळतात आणि टाळता टाळता त्याच्याकडंच बघतात. थोड्या वेळानं नातेवाईक तोंड पुसत येतो, हसतो आणि धडधडीत खोटं बोलतो. पेशंट मान हलवतो. खरं काय ते दोघांनाही ठाऊक असतं, पण तसं दाखवायचं नाही. आमच्याकडं ह्याला माया म्हणतात.

त्या दिवशी मी माझ्या सासऱ्यांना, सुग्रीवमामांना घेऊन गेले होते. सुनेनं सासऱ्याला मामाच म्हणायचं. आमची वस्ती घाटनांदूरच्या अलीकडं. मामांचा जन्म मेंढरांमागं गेला, आणि मेंढरांमागं चालणाऱ्या माणसाला आजारी पडायला सवड नसते. दिवाळीत खोकला सुरू झाला तेव्हा ‘धुळीचा हाय’ म्हणाले. अंग झडायला लागलं तेव्हा ‘उन्हाचं हाय’ म्हणाले. मग एका सकाळी थुंकीत रक्ताची रेघ दिसली. तेव्हा मात्र काहीच म्हणाले नाहीत, तिच्यावर पायानं माती लोटली आणि मेंढरं सोडायला गेले. मी चुलीपाशी होते. मी पाहिलं होतं.

छातीच्या फोटोत उजव्या बाजूला डाग निघाला. थुंकी तपासली, तिच्यात काही सापडलं नाही. मग डॉक्टरांनी घशातून दुर्बीण घालून आतला तुकडा काढला आणि पुण्याला पाठवला. त्या तुकड्याचा रिपोर्ट आज येणार होता. खरं तर माझ्या नवऱ्यानं, नाथानं यायचं. पण तो म्हणाला, “मेंढरं कुनाकडं सोडू?” मेंढरांचं निमित्त त्याला बरं सापडलं. ऐकायचा धीर नव्हता, एवढंच. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. राहिले मी. दहावी पास सून केली की दवाखाना, बँक, तलाठी सगळं तिच्याच गळ्यात.

मामांना हा दवाखाना नवा नव्हता. त्यांचा धाकटा भाऊ, सटवाकाका, याच डॉक्टरांकडं होता. मामाच त्याला घेऊन येत. काका फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेला. त्यानंतर मामा अंबाजोगाईला बाजाराला आले तरी ही गल्ली टाळून जायचे.

दवाखाना वरच्या मजल्यावर, खाली औषधाचं दुकान. डॉक्टर नावाजलेले, त्यामुळं केजपासून परळीपर्यंतचा खोकला तिथं गोळा झालेला. दाराशी मंगलताई बसतात. डॉक्टरांपर्यंत पोचायचं तर आधी त्यांना पार करावं लागतं. फाइल त्यांच्या टेबलावर ठेवायची, त्या बोटाला चिमटा लावून श्वास मोजणार, काट्यावर उभं करणार आणि वजन सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं माइकवरून सांगणार. हॉल केवढा, तर आमच्या मेंढरांच्या कोंडवाड्याएवढा. माइक कशाला लागतो देव जाणे.

“सुग्रीव! बेचाळीस किलो! मागच्या बारीला पंचेचाळीस होते हो बाबा, जेवता का नाही?”

मामा चपला घालत म्हणाले, “जेवतो की.”

आत पडद्यापलीकडं एका वेळी तीन-तीन पेशंट घेतात. एक डॉक्टरांपुढच्या स्टुलावर, एक सदरा काढून खाटेवर, तिसरा फाइल छातीशी धरून पडद्याला टेकून. डॉक्टर स्टुलावरच्याशी बोलता बोलता खाटेवरच्याच्या पाठीला नळी लावतात. त्यांना तरी काय दोष द्यायचा, माणसंच एवढी. पण त्यामुळं एकाचं दुखणं तिघांना कळतं, आणि तिघांकडून हॉलला.

आमच्या शेजारी घाटनांदूरच्या स्टँडवरचे फळवाले चाँदभाई बसले होते, त्यांच्या बायकोला, अजमतबींना घेऊन. मामांची आणि त्यांची जुनी ओळख. दोघं केळीच्या भावावर बोलत होते, म्हणजे बोलायचं म्हणून बोलत होते. अजमतबींना धाप लागलेली, त्या नुसत्या पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या. मग त्यांचं नाव पुकारलं आणि दोघं आत गेले.

हॉलमध्ये पोरं रडत होती, कोणीतरी खोकत होतं, तरी ते वाक्य आलंच. “पेशंटला जरा बाहेर बसू द्या.”

अजमतबी एकट्या बाहेर आल्या. मी सरकून जागा दिली. त्यांनी माझ्याकडं बघून हसायचा प्रयत्न केला. मला त्यांच्याकडं बघवेना, म्हणून मी भिंतीवरचं बिडी न ओढण्याचं पोस्टर वाचत बसले. थोड्या वेळानं चाँदभाई आले. डोळे लाल, पण तोंडभर हसू.

“कुच नै,” ते बायकोला म्हणाले. “छाती में थोडा पानी हुआ बोले. गोली से जाता.”

“मैं बोली थी ना,” अजमतबी म्हणाल्या.

ते दोघं जिना उतरून गेले. चाँदभाईंनी एका हातानं त्यांचा दंड धरला होता, दुसऱ्या हातानं भिंत. मामा ते गेले त्या दाराकडं बराच वेळ बघत होते.

“गेली म्हातारी,” ते म्हणाले.

“आवं मामा, हळू बोला की. लोकं ऐकतेत.”

“लोकास्नी ठावं हाय.”

मग मात्र मी भ्याले. आधीही भीत होते, पण ते असंच, वरवर. आता मी मनात एकच घोकत होते, ते वाक्य नको. काय निघायचं ते निघू दे, पण डॉक्टरांनी ते मामांच्या तोंडावर सांगू दे. तोंडावर सांगितलं म्हणजे जगण्यातलं आहे. बाहेर बसवलं म्हणजे संपलं.

मामा शांत होते. पटका सोडून पुन्हा नीट बांधत होते. एवढा वेळ लावून पटका बांधताना मी त्यांना फक्त लग्नाकार्यात पाहिलं होतं.

“सुग्रीव, रिपोर्टवाले!” माइक ओरडला.

आत गेलो. औषध कंपनीचा एक टायवाला बॅग सांभाळत बाहेर निघत होता, त्याला वाट दिली. खाटेवर एक पोरगी उताणी पडलेली. मामा स्टुलावर बसले. डॉक्टरांनी पाकीट फोडलं, कागद वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला. त्यांचा फोन वाजला, तो त्यांनी बंद केला. फोन बंद केला तेव्हाच मी ओळखलं.

“भूक कशी आहे बाबा?”

“लागती की साहेब.”

“रात्री घाम?”

“येतो थोडा.”

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. “ह्या कोण?”

“सून हाय माझी.”

“बरं. पेशंटला जरा बाहेर…”

वाक्य पुरं व्हायच्या आत मामा उठले. एकदम, नाव पुकारल्यासारखे. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. लग्नात ठेवला होता त्यानंतर आत्ताच. पडदा हलला आणि ते बाहेर गेले. मी स्टुलावर बसले नाही, मला बसताच येईना.

डॉक्टर बोलायला लागले. त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते, पण माझ्या डोक्यात नुसता हॉल दिसत होता, हॉलमधली माणसं मामांकडं कशी बघत असतील ते.

“ताई, ऐकताय ना? टीबी आहे म्हटलं.”

“काय?”

“टीबी. क्षय. कॅन्सर नाही.”

“साहेब, मी सून हाय. मला खरं सांगा. मी त्यान्ला न्हाई सांगनार.”

डॉक्टरांनी पेन टेबलावर टाकलं. “अहो, खरंच सांगतोय! टीबीच आहे. थुंकीत सापडला नाही, तुकड्यात सापडला. सहा महिने गोळ्या खायच्या, सरकारी दवाखान्यात मिळतात. बरा होतो माणूस. पण एकही दिवस चुकवायचा नाही. अर्ध्यात सोडल्या तर मग माझ्याकडं आणू नका.”

मला रडू आलं. हसूही आलं. पदर तोंडात कोंबून मी दोन्ही आवरलं. खाटेवरची पोरगी मान वळवून बघत होती.

“मग त्यान्ला भाहेर कावून धाडलं, साहेब? जीव गेला असता की माझा.”

“तुम्हाला एक विचारायचंय म्हणून. पेशंटसमोर विचारलं की सगळे सांगतात, ताट वेगळं, अंथरूण वेगळं. पोरांना आपल्यापासून लागलं असेल, असं म्हाताऱ्याला वाटू नये म्हणून. आता खरं सांगा. घरात लहान कोणी आहे?”

मी तोंडातला पदर काढला.

“हाय,” मी म्हणाले. “माझी सायली. चार वर्षाची.”

“त्यांच्याजवळ असते?”

“न्हाई… म्हंजी, थोडी असती.”

“ताई.”

“त्यांच्याच वाकळंत निजती साहेब. त्यांच्याच ताटात जेवती. त्यांच्याबिगर घास घेत न्हाई.”

“खोकते का?”

“कधीमधी. सर्दीचं आसंल.”

सर्दीचं आसंल. म्हणताना माझं मलाच कळलं, मी मामांसारखी बोलते आहे. धुळीचा हाय, उन्हाचं हाय, सर्दीचं आसंल.

“उद्या घेऊन या तिला,” डॉक्टर म्हणाले. “तपासू. घाबरू नका, वेळेवर कळलं तर काही होत नाही. तुम्ही आणि मालक पण या. पुढचा!”

पडद्याजवळ मी थोडी थांबले. तेवढ्यात ठरवलं की मामांना टीबीचं सांगायचं, ते तर चांगलंच आहे. सायलीचं नाव काढायचं नाही. नातीला आपल्यापासून बाधा झाली असेल हे कळलं तर म्हातारा आजारानं नाही, त्यानंच मरेल. ते मी रात्री नाथाला सांगेन. माझ्या लेकराची भीती मी पदरात बांधली आणि तोंड पुसून बाहेर आले.

हॉल गप्प होता. मामा बाकाच्या कडेला बसले होते, दोन्ही बाजूंच्या माणसांनी त्यांना जास्तच जागा करून दिली होती. मी हसले. मला खरंच हसू येत होतं.

“मामा, काई न्हाई. टीबी हाय. सहा म्हयने गोळ्या खायच्या, बरं व्हतंय.”

“बरं झालं,” मामा लगेच म्हणाले. “चल मग.”

समोरची एक म्हातारी माझ्याकडं बघून हळूच मान हलवत होती. बरं केलंस पोरी, असं. मला तिच्या अंगावर ओरडावंसं वाटलं.

“मामा, खरंच टीबी हाय.”

“मी कुठं न्हाई म्हनलो?”

त्यांचा आवाज सायलीला निजवताना असतो तसा मऊ होता. जिन्याच्या वळणावर आलो तेव्हा ते कठड्याला धरून थांबले, दम खाल्ला आणि म्हणाले, “पोरी, तू लई चांगलं बोललीस. पर सटवाला मीबी हेच सांगितलतं. टीबी हाय, सहा म्हयन्यात मेंढरं वळशील. दुसरं काय सांगनार? कॅन्सरवाल्याला समदे टीबीच सांगतेत. त्यो बी असाच म्हनला व्हता, बरं झालं, चल.”

“पर तुमाला खरंच हाय वो!”

“बरं.”

मी त्यांचा हात धरला आणि पुन्हा वर ओढत नेलं. मंगलताई आडव्या आल्या. “अहो, तुमचा नंबर झाला! असं मधी नाही जायचं!” मी त्यांना काय म्हणाले ते मला आठवत नाही, पण त्या बाजूला झाल्या. पडदा सरकवून मी मामांना थेट डॉक्टरांपुढं उभं केलं.

“साहेब, ह्यान्ला सांगा. तुमच्या तोंडानं सांगा.”

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला, पण सांगितलं. मोठ्यानं, शब्द तोडून. “बाबा! तुम्हाला टीबी आहे! कॅन्सर नाही! गोळ्या खा, बरे व्हाल!”

मामांनी हात जोडले. “हाव साहेब. लई उपकार झाले.”

परत त्याच वळणावर ते म्हणाले, “साहेब देवमानूस हाय. सटवालाबी असंच वरडून सांगितलं त्यांनी. मीच पाया पडून सांगायला लावलं व्हतं.”

दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो, पण ह्या माणसाला मी निव्वळ पाणी देत होते आणि तो तेही तोंडाला लावत नव्हता.

“सरकारी दवाखान्यात चला,” मी म्हणाले. “गोळ्या घेऊ.”

“कशाला? सटवाच्या पोटात गोळ्याच गोळ्या झाल्या. भाकर जाईना शेवटाला. मला घरी ने. मेंढरामागं जाऊ दे, जवर पाय चालतेत तवर. आन् रडू नको. तुजं काय चुकलं न्हाई.”

ते मला समजावत होते! चांगला जगणारा माणूस मरायला निघाला होता आणि वर माझीच समजूत घालत होता. गोळ्या घेतल्या नाहीत तर तो डाग त्यांना खाणार, हे डॉक्टरांच्या बोलण्यातून मला उमगलं होतं. आणि खोकणार कुठं? वाकळेत. कोणाच्या तोंडावर? मला एकदम चीड आली, त्यांची, माझी, नाथाची, सगळ्या मायाळू माणसांची. सांगायचं नाही ठरवलेलं तोंडातून निघून गेलं.

“मला उद्या सायलीला आनायचंय हितं.”

मामा एक पायरी उतरले होते. तिथंच थांबले.

“तिला कावून?”

“तपासायला. तुमच्या ताटात जेवती, तुमच्या तोंडाशी तोंड करून निजती. तुमच्या खोकल्यातनं तिला लागलं का ते बघायचंय. म्हनून तर तुमाला भाहेर बसीवलं त्यांनी. लेकरू कुनाजवळ निजतं ते इचारायला.”

“सटवाच्या पोरास्नी न्हाई कुनी बोलीवलं तपासाया,” मामा सावकाश म्हणाले.

“कॅन्सर लागत न्हाई मामा कुनाला. टीबी लागतो.”

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मी डोळे पुसले नाहीत. त्यांना कळलं, मी बघत असतानाच कळलं. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून माणसं वाट्टेल ते बोलतात, पण चांगल्या लेकराच्या नावावर आजार कोणी सांगत नाही. आईनं तर नाहीच. जीभ झडेल.

“ती खोकती,” मामा म्हणाले. “चार दिस झाले, पहाटं खोकती. मी म्हनलं, माझं बघून नक्कल करती.”

मला हे माहीत नव्हतं. पहाटे मी दूध काढायला जाते. मी भिंतीला पाठ टेकली.

मामांनी एवढ्या निगुतीनं बांधलेला पटका ओरबाडून काढला, त्याचं टोक नाकातोंडावर दाबलं आणि माझ्यापासून दूर, जिन्याच्या पार पलीकडच्या भिंतीला जाऊन चिकटले.

“लांब ऱ्हा,” कापडाआडून ते म्हणाले. “कुठं हाय त्यो सरकारी दवाखाना? आत्ता देतेत का गोळ्या? आधी फोन लाव. नाथाला फोन लाव!”

मी लावला. नाथानं दुसऱ्याच रिंगला उचलला. सकाळपासून फोन हातातच धरून बसला असणार.

“काय निघालं?” त्याचा आवाज फाटलेला. “उज्ज्वला, काय निघालं?”

“सायली कुठं हाय?”

“सायली? निजलीया. मघापास्नं आबा-आबा करून रडत व्हती, मग त्यांच्या वाकळंत घातली, तवा गप झाली. बापाचं सांग की.”

फोनमधला आवाज त्या अरुंद जिन्यात स्पष्ट ऐकू जात होता. मामांनी तोंडावरचं कापड दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि ओरडले. इतके महिने ज्या छातीतून नुसता खोकला निघत होता त्या छातीतून ओरडले.

“उठीव तिला! नाथा, माझ्या वाकळंतनं उठीव आधी तिला!”